वर्ष कठीण गेलं, तरी थँक्सगिव्हिंग करायचंय? अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

नोव्हेंबर लागला की अमेरिकेत जो तो विचारतो, "थँक्सगिव्हिंगला काय करताय?" ऑफिसात विचारतात, मुलांच्या शाळेत विचारतात, दातांच्या डॉक्टरकडची रिसेप्शनिस्टसुद्धा विचारते. हा आभार मानायचा, एकत्र जेवायचा सण, पण नव्याने आलेल्या माणसाला मुळात या सणाला करायचं काय हेच माहीत नसतं. त्यात वर्ष वाईट गेलेलं असलं, नोकरी गेली, घरातलं कुणी गेलं, व्हिसाच्या स्टॅम्पिंगपायी भारतात जाता आलं नाही, तर आभार कसले मानायचे, असंच मनात येतं.

मी न्यू जर्सीत राहते. नवऱ्याची नोकरी जाणं आणि सासूबाई जाणं, दोन्ही आमच्या घरी एकाच वर्षात झालं आणि त्या वर्षीही आम्ही हा सण केला. तेव्हापासून दर नोव्हेंबरात कुणीतरी नवं जोडपं फोन करून तेच ते प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: कठीण वर्षात सण लहान ठेवा, आणि आभार माना ते माणसांचे, नाव घेऊन, त्यांनी जे केलं त्यासाठी. वाईट गेलेल्या वर्षाचे आभार मानायची कुणावरही सक्ती नाही.

१. करायचं का, केवढं आणि कुठल्या दिवशी

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, म्हणजे २२ ते २८ या तारखांमध्ये कधीतरी. गुरुवारी सार्वजनिक सुट्टी असते, बऱ्याच कंपन्या शुक्रवारही देतात. (कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो. टोरोंटोच्या मावसबहिणीला नोव्हेंबरात शुभेच्छा पाठवू नका, हसते.)

घरात कुणी गेलं असेल तर पहिला प्रश्न येतो तो वर्षाचा. वर्षश्राद्ध होईपर्यंत आपण सण करत नाही, मग हा चालतो का? यात पूजा नाही, तोरण नाही, नवे कपडे नाहीत. एकत्र बसून जेवायचं एवढंच. दिवाळीत आकाशकंदील न लावलेली कितीतरी घरं थँक्सगिव्हिंगला चार माणसं बोलावतात. तरी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नका. एक मात्र लक्षात ठेवा: गावाकडे पहिला सण आला की पाहुणे दुखवटा काढायला येतात, बळेच गोड घास भरवतात. इथे ते करायला भावकी नसते. एखाद्या शेजाऱ्याने "आमच्याकडे या" म्हटलं तर त्याच भावनेने जावं, असं मला वाटतं.

दुसरी अडचण अस्सल मराठी आहे. सण दरवर्षी गुरुवारीच येतो आणि आपल्याकडे निम्म्या घरांत गुरुवार पाळतात. काही वर्षी तर मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही नेमका त्याच दिवशी पडतो. सासरे किंवा आई भारतातून आलेली असेल तर टर्कीवरून (कोंबडीसारखाच पण मोठा पक्षी, या सणाचा मुख्य पदार्थ) भांडण ठरलेलंच. उपाय सोपा आहे. गुरुवारी शाकाहारी जेवण करा आणि टर्की शनिवारी करा. मित्रमंडळींचं वेगळ्या दिवशीचं थँक्सगिव्हिंग इथे सर्रास चालतं, त्याला 'फ्रेंड्सगिव्हिंग' म्हणतात. कुणी भुवया उंचावत नाही.

आता आकार ठरवा. कुणाकडे तरी जेवायला जाणं, दोन-तीन घरांनी मिळून करणं, किंवा फक्त आपणच, यांतलं एक. तिसरा पर्याय कमीपणाचा मुळीच नाही. पंधरा-वीस जणांचा घाट या वर्षी घालू नका.

२. मुलांना सांगायला थोडी गोष्ट

शाळेत मुलं हाताच्या पंजाची टर्की रंगवून आणतात आणि इंग्लंडहून इथे वसायला आलेल्या 'पिलग्रिम' लोकांची गोड गोष्ट सांगतात. खरी गोष्ट एवढी गोड नाही. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे मेले. उरलेल्या पन्नासेक जणांनी १६२१ च्या सुगीनंतर तीन दिवस जेवणावळ घातली, तिला मॅसासॉइट हा वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख सुमारे ९० माणसं घेऊन आला होता. त्या वाम्पानोआगांनीही काही वर्षांपूर्वीच्या साथीत गावंच्या गावं गमावली होती. पुढे त्यांच्या जमिनीही गेल्या. म्हणून १९७० पासून प्लिमथमध्ये, म्हणजे पिलग्रिम वसले त्या गावी, याच दिवशी मूळ रहिवाशांचे वंशज एकत्र जमून शोकदिन पाळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे नीट समजतं. सांगा.

आजच्या स्वरूपातली राष्ट्रीय सुट्टी मात्र १८६३ ची, तीही ऐन यादवी युद्धातली. सारा जोसेफा हेल ही विधवा बाई एका मासिकाची संपादक होती. हा दिवस देशभर एकाच तारखेला पाळावा म्हणून ती वर्षानुवर्षं एकामागून एका राष्ट्राध्यक्षाला पत्रं लिहीत होती. अखेर लिंकनने ऐकलं. त्या युद्धातली गेटिसबर्गची मोठी लढाई होऊन तीनच महिने झाले होते आणि त्याचा स्वतःचा मुलगा विली आदल्या वर्षी गेला होता. ३ ऑक्टोबर १८६३ च्या जाहीरनाम्यात आभाराबरोबरच युद्धातल्या विधवांची, अनाथांची आणि शोकात असलेल्यांची आठवण ठेवायला सांगितलं आहे. तेव्हा "आमच्या घरी दुःख आहे, आम्ही या सणात बसत नाही" असं वाटत असेल तर तो जाहीरनामा एकदा वाचा. पानभराचाच आहे.

३. बोलावणं: घ्यायचं कसं, द्यायचं कसं

सहकाऱ्याने घरी बोलावलं तर "बघतो, कळवतो" करत बसू नका. दोन दिवसांत हो किंवा नाही सांगा, कारण तिथे ताटं मोजून जेवण असतं. हो म्हणतानाच दोन गोष्टी विचारा: काय आणू, आणि किती वाजता. हे 'डिनर' पुष्कळदा दुपारी दोन-तीनलाच असतं. आपण संध्याकाळी साडेसातला नटूनथटून पोचावं आणि यजमान भांडी आवरत असावेत, हे अनेकांच्या बाबतीत झालंय. दिलेल्या वेळेला पोचा. फार तर दहा मिनिटं उशीर चालेल.

शाकाहारी असाल तर आधी सांगा, आयत्या वेळी नको. आणि पदार्थ असा न्या की त्यांच्या ओव्हनची गरज पडणार नाही. त्या दिवशी ओव्हनमध्ये सुईलाही जागा नसते. श्रीखंड उत्तम. लाल भोपळ्याचे घारगे तर या सणासाठीच असल्यासारखे आहेत, थंडही छान लागतात आणि भोपळा म्हटल्यावर अमेरिकन माणूस लगेच हात पुढे करतो.

पण मी कुठेही गेले तरी क्रॅनबेरीचं लोणचं नेते. १२ औंसांची ताज्या क्रॅनबेरीची (आंबट लाल फळं) पिशवी मिळते. धुऊन, कपड्यावर पसरून अगदी कोरड्या करा आणि एकेक फळ अर्धं चिरा. आतले चार कप्पे पोकळ असतात, त्यांत मसाला छान शिरतो. त्यावर दोन चमचे मीठ, दोन चमचे तिखट, चमचाभर मोहरीची पूड, अर्धा चमचा तळून कुटलेली मेथी आणि मूठभर किसलेला गूळ. अर्धी वाटी तेलाची मोहरी-हिंग-हळद घालून फोडणी करा, पूर्ण गार होऊ द्या, मग ओता. एक दिवस फ्रिजमध्ये मुरू द्या. टर्की चवीला मुळातच सपक. तिच्या शेजारी हे लोणचं आलं की बाटली तळापर्यंत चाटून परत येते.

तुम्हीच बोलावणार असाल तर फोनवर सरळ सांगा, "या वर्षी साधंच आहे, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणा." इथे याला 'पॉटलक' म्हणतात आणि श्रीमंतांच्या घरीही तसंच चालतं. कोण काय आणणार याची यादी ग्रुपवर टाका, नाहीतर चार घरांतून चार पातेली मसालेभात येतो.

नोकरी गेल्याचं पाहुण्यांना माहीत असेल तर एका विश्वासू मित्राला आधी सांगून ठेवा की जेवताना तो विषय नको. आपल्या लोकांची सवय मला ठाऊक आहे. पहिला घास जात नाही तोवर कुणीतरी विचारतं, "मग ग्रेस पिरियडचे किती दिवस उरले?" नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाला इथे राहायला मिळणारी ही मुदत. ते साठ दिवस मोजणाऱ्या माणसाला त्यांची कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

४. सामान, साधनं आणि खर्च

लागणाऱ्या वस्तू:

- मांसाचा थर्मामीटर. दहा-पंधरा डॉलरचा साधा चालतो, पण याच्याशिवाय टर्की करू नका.
- ॲल्युमिनियमचे दोन मोठे ट्रे, एकात एक घातलेले. एकटा ट्रे वजनाने वाकतो आणि गरम चरबी हातावर येते. खाली बेकिंग शीट ठेवा.
- रुंद फॉइल, पेपर टॉवेल, कच्च्या मांसासाठी वेगळा बोर्ड.
- झाकणाचे डबे, पाहुण्यांबरोबर अन्न द्यायला. भारतीय घरांत दह्याचे डबे साठलेले असतातच, आज त्यांचा दिवस.
- कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. कशाला, ते सातव्या भागात.

बऱ्याच सुपरमार्केटमध्ये ऑक्टोबरपासून ठरावीक रकमेची खरेदी केली की टर्की फुकट किंवा नाममात्र भावात देतात. त्यासाठी दुकानाचं कार्ड लागतं, ते आधी काढून ठेवा. पण फुकट मिळते म्हणून वीस पौंडांची उचलू नका. माणशी एक ते दीड पौंड पुरे. चौघेच असाल तर अख्खी कोंबडी आणा, किंवा नुसता टर्कीचा छातीचा भाग. सण तेवढाच होतो.

हात खरंच आखडला असेल तर २११ या क्रमांकावर फोन करा. जवळची फूड पॅन्ट्री (गरजूंना अन्नधान्य फुकट देणारी जागा) कुठे, सणाचं सामान कधी वाटतात, ते सांगतात. पॅन्ट्री बहुतेक करून चर्च किंवा स्वयंसेवी संस्था चालवतात. जाताना ओळखपत्र, पत्त्याचा एखादा कागद (विजेचं बिल, भाडेकरार) आणि घरात माणसं किती ही माहिती जवळ ठेवा. काही ठिकाणी यातलं काहीच विचारत नाहीत. सरकारी योजनांची गोष्ट वेगळी, त्यांचे नियम व्हिसाप्रमाणे बदलतात, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज भरू नका. "ते आपल्यासारख्यांसाठी नसतं" असं म्हणणारे भेटतील. रांगेत उभं राहिलं की आपल्यासारखेच दिसतात. आणि गुरुद्वारा जवळ असेल तर लंगरला कुणीही जावं, तिथे कुणी प्रश्न विचारत नाही.

५. टर्की

नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. बारा पौंडांची असेल तर रविवारी रात्री, फार तर सोमवारी सकाळी फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ट्रेमध्ये ठेवा. बुधवारी रात्री आठवण झाली तर गार पाण्याचा मार्ग आहे: वेष्टनासकट बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. म्हणजे बारा पौंडांना सहा तास जागरण. ओट्यावर उघडी ठेवून वितळवू नका. बाहेरचा भाग खराब होतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

पोटात हात घाला. आत मान असते आणि काळीज-पेटा यांची पिशवी असते, कधी मानेकडच्या पोकळीत दडवलेली असते. ती न काढता भाजणारी माणसं दरवर्षी निघतात. टर्की नळाखाली धुऊ नका. आपल्याला मांस धुतल्याशिवाय चैन पडत नाही हे खरं, पण त्या शिंतोड्यांतून जंतू सिंकभर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरतात. पेपर टॉवेलने टिपा, बस.

आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि लोणी कातडीखाली चोळा. मालवणी मसाला चोळून पाहिला तर टर्कीचं नशीब उजळतं, मात्र अमेरिकन पाहुणे असतील तर तिखट हात राखून. ओव्हन ३२५ फॅरनहाइटवर ठेवा. पोटात सारण न भरलेल्या बारा-चौदा पौंडांच्या पक्ष्याला तीन ते पावणेचार तास लागतात. पण घड्याळावर जाऊ नका, आणि काही टर्कींत शिजल्याची खूण म्हणून वर उडणारा प्लॅस्टिकचा खिळा खोचलेला असतो त्याच्या भरवशावरही राहू नका. थर्मामीटर मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा, मग छातीत. सगळीकडे १६५ फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) दिसलं की झालं. वीस मिनिटं तशीच झाकून ठेवा आणि मग कापा, म्हणजे रस आतच राहतो.

तेलात अख्खी टर्की तळायचे व्हिडिओ पाहून हुरळू नका. अर्धवट गोठलेली टर्की उकळत्या तेलात सोडली की तेल उसळून भडका उडतो. घरात स्वयंपाक करताना लागणाऱ्या आगी अमेरिकेत वर्षभरात सगळ्यात जास्त याच दिवशी लागतात. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत तर विषयच नको. आणि फोडणी देताना एक्झॉस्ट लावा, नाहीतर आलार्म वाजून अख्खी इमारत खाली उतरते.

६. शाकाहारी ताटातले सापळे

टर्की सोडून बाकी सगळं चालतं, असं समजून वाढून घेऊ नका. पाकिटातल्या स्टफिंगमध्ये (टर्कीबरोबरचं पावाचं सारण) बहुधा चिकनचा रस असतो, घरचं स्टफिंग तर पक्ष्याच्या पोटातच भाजलेलं असू शकतं. ग्रेव्ही टर्कीच्या चरबीची. रताळ्यांवरच्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं. 'पाय' (pie, पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) याच्या तयार पारीत कधीकधी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. भोपळ्याच्या 'पाय'मध्ये अंडं असतंच. मॅश केलेल्या बटाट्यांतही काही घरी चिकनचा रस घालतात. बिनधास्त घ्यावं असं म्हणजे क्रॅनबेरी सॉस, मक्याचे दाणे, सॅलड. बाकीचं विचारून घ्या.

घरी करताना टर्कीची शाकाहारी नक्कल शोधत फिरू नका. भरली वांगी करा, मटार भात करा, मक्याची उसळ करा. मका, भोपळा, घेवडा ही सगळी मुळात अमेरिकेच्याच मातीतली पिकं आहेत. तुमची राजमा-मक्याची उसळ या टेबलावर परकी नाही.

७. आभार प्रत्यक्षात कसे मानायचे

जेवणाआधी टेबलाभोवती एकेकाने "मी कशासाठी आभारी आहे" ते सांगायची इथे रीत आहे. आपल्याला ते भयंकर अवघड जातं. घरात आपण एकमेकांना असं काही म्हणतच नाही. आईला फोनवर आभार मानून पाहा, ती पहिलं विचारेल, "बरा आहेस ना रे?"

माझी पद्धत अशी. सण यायच्या आधीच्या रविवारी चहा घेऊन बसा आणि व्हॉट्सॲप उघडा. वर्षातला सगळ्यात वाईट महिना कुठला होता ते तुम्हाला माहीत आहे. त्या महिन्यातले मेसेज आणि आलेले फोन वाचा. खूप नावं विसरलेली असतात. रात्री विमानतळावर सोडायला आलेला, मुलांना दोन दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेणारी, काही न बोलता डब्यातून वरणभात देऊन गेलेली. आमच्या यादीत पहिलं नाव शेजारच्या एका म्हाताऱ्या इटालियन आजोबांचं निघालं. नवरा सासूबाईंसाठी पुण्याला गेला होता आणि इकडे बर्फ पडला, तेव्हा ते रोज सकाळी आमच्यासमोरचा रस्ता फावड्याने साफ करून जात होते. त्या दिवसांत माझ्या ते नीट लक्षातही आलं नव्हतं.

अशी पाच-सात नावं झाली की एकेकाला लिहा. "सगळ्यासाठी खूप आभार" असं नको, त्याने काय केलं ते लिहा. नमुना देते:

"एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली तेव्हा तू रात्री अकरापर्यंत बसून माझा रेझ्युमे नीट करून दिलास आणि तुझ्या ओळखीत दोघांना पाठवलास. नोकरी शेवटी तिसरीकडेच लागली, पण त्या आठवड्यात मला झोप लागली ती त्यामुळे. हे तुला सांगायचं राहिलं होतं."

एवढं पुरे. हार्ट-इमोजींची माळ नको.

टेबलावर काय करायचं? प्रत्येकाला चिठ्ठी द्या, एका माणसाचं नाव आणि त्याने केलेली एक गोष्ट लिहायची. चिठ्ठ्या वाटीत टाकून कुणीही कुणाचीही वाचायची. ज्याला लिहायचं नाही त्याने कोरी टाकावी, कुणी विचारायचं नाही. नोकरी गेलेल्या माणसाला, नुकतंच कुणी गमावलेल्या बाईला उभं राहून बोलायला लावणं ही शिक्षा आहे. मुलांनाही पाहुण्यांसमोर पोपटासारखं बोलायला लावू नका. आमच्याकडे आधी जेवणाचा श्लोक होतो, मग चिठ्ठ्या, आणि भात निवायच्या आत दोन्ही आटपतं.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा.

"निदान" ने सुरू होणारं वाक्य. निदान तब्येत तरी चांगली आहे, निदान बायकोची नोकरी आहे, निदान त्यांनी फार भोगलं नाही. बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याचं दुःख मात्र मापात तोललं जातं. "होतं ते चांगल्यासाठीच" हे त्याचंच सख्खं भावंड.

पैशांच्या मदतीचे आभार चारचौघांत मानणं. ज्याने अडचणीत दोन हजार डॉलर दिले, त्याने कदाचित घरीही सांगितलेलं नसतं. त्याला बाजूला घेऊन सांगा.

आणि गेलेल्या माणसाचं नाव टाळणं. सगळे जपून बोलतात आणि ती न घेतलेली आठवण टेबलावर बसून राहते. त्यापेक्षा त्यांच्या हातचा एक पदार्थ करा आणि नाव घेऊन वाढा. आम्ही सासूबाईंची चिंचगुळाची आमटी केली होती. नवरा म्हणाला, "आईची अशी पातळ नसायची," आणि मग त्यावरच अर्धा तास गप्पा झाल्या.

भारतात फोन करायचा असेल तर सकाळीच करा. नोव्हेंबरात पूर्व किनारपट्टीपेक्षा भारत साडेदहा तास पुढे असतो, पश्चिम किनारपट्टीपेक्षा साडेतेरा. न्यू जर्सीतले सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. दुपारच्या जेवणानंतर फोन लावलात तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि अवेळी वाजलेल्या फोनने आईबाबांच्या छातीत धस्स होतं. या वर्षी तरी ते नको.

बाहेरच्यांना द्यायचं असेल तर कार्ड आणि घरचा खाऊ पुरेसा आहे. टपाल देणाऱ्या माणसाला रोख पैसे देऊ नका, त्यांना ते घ्यायला मनाई आहे. वीस डॉलरपर्यंतची छोटी वस्तू चालते.

८. प्रवास आणि बंद दुकानं

बुधवार दुपार आणि रविवार हे रस्त्यांवर, विमानतळांवर सगळ्यात गर्दीचे. जमलं तर मंगळवारी निघा किंवा गुरुवारी सकाळी, तेव्हा रस्ते ओस असतात. विमानात हातातल्या बॅगेत 'पाय' (pie), घारगे, चकल्या चालतात. श्रीखंड, लोणचं, चटणी, ग्रेव्ही यांसारखं सांडणारं किंवा फासता येणारं काहीही ३.४ औंसांपेक्षा जास्त असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ते चेक-इन बॅगेत टाका, दोन पिशव्यांत बांधून.

गुरुवारी बँका, टपाल कार्यालयं आणि वॉलमार्ट, कॉस्टको, टार्गेट बंद असतात. औषधं आणि दूध बुधवारीच आणून ठेवा. भारतीय किराणा दुकान उघडं असण्याचा संभव असतो, पण फोन करून जा.

९. सण झाल्यावर

जेवण टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मांस हाडावरून सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवसांत संपवा, बाकीचं तारीख लिहून फ्रीझरमध्ये. पाहुण्यांना डबे भरून द्या, घरी एकटा राहणारा विद्यार्थी असेल तर त्याला दोन.

शुक्रवारी 'ब्लॅक फ्रायडे', मोठ्या सवलतींच्या खरेदीचा दिवस. पगार बंद असलेल्या घरात त्या दिवशी खरेदीची ॲप्स फोनवरून काढून टाकलेली बरी. निम्म्या किमतीत घेतलेली नको असलेली वस्तूही पूर्ण खर्चच असते.

स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच्या जागा आठवडे आधी भरतात. जानेवारी-फेब्रुवारीचं नाव घाला, तेव्हा पॅन्ट्रीत हातही कमी असतात आणि सामानही.

आणि घर रिकामं झाल्यावर कुणाला फारच खचल्यासारखं वाटत असेल, जगणं नको झालंय असे विचार येत असतील, तर ९८८ वर फोन करा किंवा मेसेज पाठवा. चोवीस तास चालू असतो, सुट्टीच्या दिवशीही.

हाडं टाकू नका. मोठ्या पातेल्यात कांदा, मिरी, तमालपत्र घालून दोन-तीन तास मंद आचेवर ठेवा, गाळा, आणि खसखस-खोबऱ्याचं वाटण लावून कोल्हापुरी पांढरा रस्सा करा. उरलेली टर्की तुकडे करून त्यातच सोडा. खरं सांगू का, आमच्या घरी गुरुवारपेक्षा शनिवारच्या या जेवणाची वाट जास्त पाहतात.